दमलेल्यांची यादी

कोपरगावात परवेझ मणियारला कुणी कॅप्टन म्हणत नाही. तिथं तो अजून फक्रुद्दीन पॅनमनचा पोरगा आहे. सुट्टीत आला आणि चौकात चहाला उभा राहिला, की कुणीतरी हमखास विचारतं, "काय रं, आमच्या घरावरून गेलास आन हात केला न्हाईस?" हा विनोद बावीस वर्षं चालू आहे आणि परवेझ बावीस वर्षं त्यावर हसत आलाय. शिर्डीचा विमानतळ तालुक्यातच झाल्यावर तर या विनोदाला ऊतच आला.

माणूस सत्तेचाळीस वर्षांचा, अंगानं शिडशिडीत, बोलणं हळू. डोळ्यांखाली काळं. छोटं, पंख्याचं विमान चालवतो, म्हणजे एका दिवसात चार चार, कधी सहा सहा वेळा उडायचं आणि तितक्याच वेळा उतरायचं. पहाटे पाचची हजेरी असली की अडीचला उठायचं. लोकांना वाटतं पायलट म्हणजे गॉगल लावून बसून असणारा माणूस. मणियारांच्या घरातले लग्नाचे फोटो बघा म्हणावं त्यांना. प्रत्येक फोटोत मागच्या खुर्चीत परवेझ झोपलेला सापडतो. धाकट्या बहिणीच्या, फरीदाच्या लग्नात तर हातात बिर्याणीची ताटली तशीच धरून झोपला होता. ती ताटली कलंडली नाही, याचं घरात अजून कौतुक होतं.

ही सवय त्याला बापाकडून आली असावी; तेही पाळी करून आले की बसल्या जागी झोपायचे. फक्रुद्दीन साखर कारखान्यात पॅनमन होते. उसाचा रस आटत आटत पॅनमध्ये येतो, तिथं त्याचा दाणा धरतो. दाणा नीट धरला की नाही, ते काचेच्या पट्टीवर थेंब घेऊन, उजेडाकडे धरून बघायचं, हे पॅनमनचं काम. यंत्रं बरीच आली, पण फक्रुद्दीन निवृत्त होईपर्यंत चीफ केमिस्ट सुद्धा त्यांच्या डोळ्यावर विश्वास ठेवायचे. घरात दिवाणखान्यात त्यांचा एक फोटो लावलेला होता. सव्वीस जानेवारी, अंगावर शाल, हातात नारळ, डाव्या हाताला कोपरापर्यंत बँडेज.

त्या फोटोची गोष्ट कोपरगावात सगळ्यांना पाठ होती. कामगारांच्या वेतनाचा करार अडला होता. संपाची परवानगी नव्हती, म्हणून युनियननं ठरवलं, भोंगा झाला की हात झटकून निघायचं, एक मिनिट जास्त नाही. फक्रुद्दीनची पाळी संपली तेव्हा पॅन अर्धा शिजलेला होता. सोडून गेलं असतं तर सगळा माल आत थिजला असता. बदली माणूस आला नाही. फक्रुद्दीन थांबले, पुढची पाळीही त्यांनीच केली, आणि सोळाव्या तासाला व्हॉल्व्हनं दगा दिला, उकळता पाक बाहेर आला. त्यांचा हात भाजला. खाली उभे असलेले त्यांचे मदतनीस कल्याणकाका यांचा पाय त्याहून जास्त भाजला. ते तेव्हापासून लंगडतात. व्यवस्थापनानं दोघांचा सत्कार केला. सोबतचे कामगार मात्र तो सबंध हंगाम फक्रुद्दीनशी बोलले नाहीत.

परवेझ हा फोटो बघत मोठा झाला. हातातलं काम पुरं केल्याशिवाय उठायचं नाही, हे त्याच्या हाडात गेलं होतं. विमान वेळेत पोचवायचं म्हणून तो कंट्रोलकडे जवळची वाट मागायचा, उतरल्यावर धावपट्टीवरून चटकन बाहेर यायचा, सुट्टीच्या दिवशी फोन आला तरी बॅग उचलून निघायचा. हुमेरा, त्याची बायको, म्हणायची, "कंपनी तुझ्या बापानं काढलीय का?"

मग दोन वर्षांपूर्वी रमजानमध्ये, इफ्तार झाल्यावर, बाप-लेक अंगणात बसले होते. फक्रुद्दीन एकदम म्हणाले, "परवेझ, त्यो व्हॉल्व्ह चांगला हुता रे. मला झोप लागली हुती. उभ्या उभ्या. दुसराच खोलला मी." परवेझनं विचारलं, एवढी वर्षं बोलला का नाहीत? तर ते म्हणाले, "सत्कार झाल्ता ना. मंग कुनाला सांगनार?" एवढं बोलून ते नमाजला उठून गेले. परत त्यांनी तो विषय काढला नाही.

परवेझनं त्या वर्षी पायलट संघटनेच्या वाटाघाटीच्या समितीत नाव दिलं. आतापर्यंत तो वर्गणीपुरता सभासद होता. कंपनीशी कराराची बोलणी सुरू झाली तेव्हा पहिला मुद्दा त्यानंच मांडला. नियमात एक सोय असते. अचानक उशीर झाला आणि पायलटची ठरलेली वेळ संपत आली, तर कॅप्टन आपल्या मर्जीनं ती काही वेळ वाढवून देऊ शकतो. ही सोय अडचणीसाठी आहे. कंपनीनं ती रोजची करून टाकली होती. वेळापत्रकच असं लावायचं, की कॅप्टननं मान डोलावली तरच ते पुरं व्हावं. परवेझ म्हणाला, दमलेल्या माणसाला विचारूच नका तू थांबतोस का, कारण चांगला माणूस हो म्हणतो. सभेत टाळ्या पडल्या. त्याला स्वतःला मात्र त्या वेळी बापाचा बँडेज बांधलेला हात दिसत होता.

कंपनी सहा महिने नुसती चहा पाजत राहिली. मग संघटनेनं मोहीम काढली. बेकायदा काहीच करायचं नाही, फक्त नियमात आहे तेवढंच करायचं. वेळ वाढवून द्यायची नाही. सुट्टीला फोन उचलायचा नाही. विमान जमिनीवर चालवायचं ते हळू. दिवा मिणमिणला तरी वहीत लिहायचं. जवळची वाट मागायची नाही. आणि रोज संध्याकाळी, आज किती विमानं थांबली त्याची यादी मोबाईलच्या ग्रुपवर टाकायची. यादी करायचं काम परवेझकडे आलं. अक्षर चांगलं असलेल्या मुलाकडे शाळेत फळा येतो, तसं ते आलं.

पहिला महिना जोरात गेला. दुसऱ्या महिन्यात परवेझच्या लक्षात काही गोष्टी यायला लागल्या. आठ तास झोपून आलेला पायलट दुपारी एकला सांगायचा, दमलोय, आणि हॉटेलवर जाऊन पोहायचा. एक ज्येष्ठ कॅप्टन ग्रुपवर सर्वांत कडक भाषणं लिहायचे आणि गुपचूप वेळ वाढवून द्यायचे. काही तरुण मुलांना तर यात गोडीच लागली. काम कमी करायला एवढी अक्कल लागते हे त्यांना आधी माहीत नव्हतं. आणि खुद्द परवेझ? विमान हळू चालवता चालवता त्याचा हात आपोआप पुढं जायचा. मग तो मागं घ्यायचा. जे बावीस वर्षं मनापासून केलं ते मुद्दाम वाईट करायचं, याचा त्याला इतका शीण यायचा, की जादा फेऱ्या परवडल्या असं वाटायचं. पण हे कुणाला सांगणार? यादी तोच तर करत होता.

मे महिन्यात पहाटे साडेतीनला फरीदाचा फोन आला. अब्बा गेले. झोपेतच गेले. हुमेरा आणि मुलगी सुट्टीला आधीच कोपरगावला गेल्या होत्या, परवेझ हैदराबादच्या घरात एकटा होता. त्याची त्या दिवशी सुट्टी होती. आदल्या दिवशी सहा वेळा उतरून तो रात्री उशिरा घरी आला होता, जेमतेम तीन तास झोपला होता. फोन ठेवून तो पलंगाच्या कडेवर बसला होता, तेवढ्यात फरीदाचा पुन्हा फोन आला.

"जोहरनंतर, दुपारीच माती द्यायची म्हनतात सगळी," फरीदा म्हणाली. "ऊन लई हाय."

"असरनंतर, पाचच्या पुढं ठेवा," परवेझ म्हणाला. "साडेबाराचं शिर्डीचं विमान आहे. तीनच्या आत मी घरी येतो."

"येशील ना नक्की?"

"माझ्याच कंपनीचं विमान आहे गं," तो म्हणाला.

बाराच्या सुमाराला हैदराबादवर काळे ढग आले. वळवाचा पाऊस, विजा, वारा. विमानं जागच्या जागी उभी राहिली. परवेझ शेवटच्या ओळीत पट्टा बांधून बसला होता. साध्या शर्टात होता, कुणी ओळखलं नाही. भोवती शिर्डीला निघालेली कुटुंबं, बायकांच्या मांडीवर पेंगणारी पोरं. सव्वादोन वाजता आभाळ मोकळं झालं. परवेझनं मनातल्या मनात हिशेब केला. या विमानाचे पायलट पहाटे पाचपासून ड्युटीवर होते. चारला त्यांची वेळ संपत होती. शिर्डीला बदलीचे पायलट नसतात, विमान त्यांनीच परत आणायचं, आणि तेवढ्याला सव्वा तास जास्त लागत होता.

तेवढ्यात कॅप्टन स्वतः मागं चालत आली. प्रणिता. नगरच्या सावेडीची, शिक्षकाची मुलगी, बत्तीस वर्षांची. कॅप्टन होण्याआधीचं तिला सगळं प्रशिक्षण परवेझनंच दिलं होतं. तिनं त्याला डोळ्यानं खुणावलं, आणि दोघं मागच्या दाराजवळ, चहाच्या ट्रॉल्या ठेवतात त्या चिंचोळ्या जागेत उभे राहिले.

"सर, अब्बांचं आत्ता कळलं मला," ती म्हणाली. "मातीला जाताय ना?"

"हो. असरनंतर आहे. सव्वापाचला."

"बदलीचे पायलट घरून बोलवतायत. साडेचारच्या आत निघणार नाहीत ते." ती क्षणभर थांबली. "तुम्ही म्हणा सर. मी वाढवून देते वेळ. एका फेरीचं काय एवढं? ग्रुपवर कुणी काही बोललं तर मी बघून घेईन."

परवेझच्या ओठांवर 'हो' आलं होतं. खोटं कशाला सांगायचं, अगदी आलं होतं. बाप अंगणात पांढऱ्या कापडात झोपलेला आहे, वाट फक्त एकाच माणसाची आहे, आणि ही मुलगी नेते म्हणतेय. कोणता मुलगा नको म्हणेल? पण बावीस वर्षांच्या सवयीनं तोंडातून प्रश्न निघालाच.

"झोप किती झाली तुझी?"

"तीन तास. काल पण तीनच."

"प्रणिता, मोहीम बाजूला ठेव. मी समितीत आहे तेही विसर. तू दमलीयस का?"

बाहेर कुणीतरी विमानाखालचे ठोकळे सरकवत होतं, त्याचा आवाज येत होता.

"खरं सांगू सर? मला कळत नाही," ती म्हणाली. "तीन महिने रोज फोनवर तेच सांगतेय, दमले, दमले. आता खरंच दमले की नुसती जिभेला सवय लागली, माझं मलाच सांगता येत नाही." मग तिनं आवाज आणखी खाली आणला. "सकाळी तिसऱ्या फेरीला कंट्रोलनं एक उंची सांगितली आणि मी दुसरीच लावली. को-पायलटनं पकडली म्हणून बरं. पण तसं कुणाचंही होतं ना कधीतरी?"

परवेझनं तिच्याकडे पाहिलं. तिचे डोळे लाल होते. ते झोपेनं की त्याच्या बापाची बातमी ऐकून, हे त्यालाही सांगता आलं नसतं. त्याला सोळाव्या तासाला उभ्या उभ्या झोपलेले अब्बा आठवले, आणि खाली उभे असलेले कल्याणकाका. या विमानात सत्तर माणसं होती.

एकदा त्याच्या मनात आलं, आपणच बसावं पुढं. पण त्याची स्वतःची झोप तीन तासांची, त्यात पहाटेपासून डोळ्याचं पाणी थांबलेलं नाही. असा माणूस समोर आला असता तर परवेझनंच त्याला दारातून परत पाठवलं असतं.

"मग नको नेऊस," तो म्हणाला.

"सर..."

"नको म्हणतोय ना. जा, सांग त्यांना."

प्रणिता रडायला लागली. त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्याला स्वतःला हंबरडा फोडावासा वाटत होता, पण समोर पोरं पेंगत होती, आणि आयुष्यभर प्रवाशांसमोर शांत राहायची सवय लागलेली होती.

घोषणा झाली. पायलटांची ड्युटीची वेळ संपल्यामुळे उड्डाणाला उशीर. विमानात एकच गलका उठला. परवेझच्या शेजारी नेवाशाचे एक गृहस्थ बसले होते, ते त्याच्याकडे वळून म्हणाले, "सगळं नाटक हाय ह्यांचं. पगार वाढवून पायजे, दुसरं काय? दमल्यात म्हनं. एसीत बसून कोन दमतं का?"

हे गृहस्थ पूर्ण चुकीचं बोलत असते तर परवेझ भांडला असता.

त्यानं फरीदाला फोन लावला. ती म्हणाली, "मगरिबपर्यंत, दिस बुडंपत्तोर थांबवते सगळ्यांना. तू ये." पण बदलीचे पायलट खरंच साडेचारला येतील, असं तो कुठल्या तोंडानं सांगणार होता? कंपनी त्यांना ज्या फोनवर बोलवणार होती तो फोन उचलू नका, असं त्यानंच ग्रुपवर लिहिलं होतं. आणि तिकडं ऊन तर असं होतं.

"असरलाच करा," तो म्हणाला. "माझ्यासाठी थांबू नका."

फरीदा म्हणाली, "तुझ्याच कंपनीचं इमान हाय म्हनला हुतास." आणि तिनं फोन ठेवला.

बदलीचे पायलट आले. कुणीतरी मोहीम मोडून फोन उचलला होता. विमान पावणेसहाला शिर्डीला उतरलं. परवेझ साडेसहाला कोपरगावच्या कब्रस्तानात पोचला तेव्हा लोक परतले होते. नवी कबर ओली होती, वर पाणी शिंपडलेलं होतं. जवळ एका दगडावर कल्याणकाका पाय पसरून बसले होते. वय पंचाहत्तर, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला.

"आलास?" ते म्हणाले. "थोडी माती ठिवायला सांगितली हुती मी. तुज्या वाटची."

कबरीच्या उशाशी एका घमेल्यात माती होती. प्रत्येकानं तीन मुठी द्यायच्या असतात. परवेझ गुडघ्यावर बसला. पहिली मूठ, दुसरी मूठ. तिसरी त्याच्यानं लवकर सोडवेना. मग तीही दिली, आणि तो तिथंच मोठ्यानं रडला. कल्याणकाकांनी त्याला रडू दिलं.

"इमानाला काय झाल्तं?" थोड्या वेळानं त्यांनी विचारलं.

"पायलट दमली होती, काका. ती आणते म्हणत होती. मीच नको म्हणालो."

कल्याणकाकांनी पायजमा जरा वर सरकवला आणि भाजलेल्या पोटरीवरून हात फिरवला. तिथली कातडी अजून गुळगुळीत, गुलाबी होती.

"तुजा बाप झोपला हुता त्या दिवशी," ते म्हणाले. "मी खालनं बगत हुतो. हाक मारंपत्तोर झालं हुतं सगळं."

"तुम्हाला माहीत होतं? मग बोलला का नाहीत कधी?"

"त्याला वाटायचं मला म्हाईत न्हाई. ऱ्हाऊ दिलं." ते पुढं म्हणाले, "भोंगा झाला तवा त्यानं मला इचारलं हुतं, कल्याण, थांबू का? मी म्हनलो, थांब. एका पाळीचं काय?"

परवेझच्या खिशातला फोन वाजला. संघटनेचा सचिव करण होता. त्यानं आधी सांत्वन केलं, आणि ते मनापासून केलं, कारण मुलगा चांगला होता. मग अवघडून म्हणाला, "सर, आजची यादी मीच टाकतो. तुम्ही नका बघू. आज सात झाली, शिर्डी धरून."

"शिर्डी धरू नको," परवेझ म्हणाला.

"का सर?"

"ती खरंच दमली होती."

करणनं अगदी साध्या आवाजात विचारलं, "मग बाकीचे सहा, सर?"

त्या सहांपैकी कोण पोहायला गेलं आणि कोणाचा हात उंची लावताना चुकला, हे परवेझला कसं कळणार? तीन महिन्यांत त्यानं तो प्रश्न एकालाही विचारला नव्हता. आज पहिल्यांदा विचारला, आणि त्यापायी बापाच्या मातीला मुकला. फोन कानाला तसाच धरून तो कबरीच्या कडेला टेकला. मगरिबची अजान सुरू झाली होती. करण पलीकडून "सर? सर?" करत होता.

अजान संपली तेव्हा कल्याणकाकांनी वळून बघितलं. परवेझची मान छातीवर कलंडली होती. फोन कानाशी तसाच होता, बोटांना माती होती. त्यांनी हळूच त्याच्या हातातून फोन काढून घेतला.

"झोपला हाय त्यो," ते फोनमध्ये म्हणाले. "मागनं कर." आणि त्याला न उठवता ते शेजारी बसून राहिले.